स्ट्रिंग थिअरी, कंडेन्स्ड मॅटर की गुरुत्वीय लहरी? सैद्धांतिक भौतिकीत पीएचडी निवडताना

सैद्धांतिक भौतिकीत पीएचडी करायची हे पक्कं झालं की पुढचा प्रश्न येतो तो विषयाचा. तीन नावं बहुतेकांच्या यादीत असतात: स्ट्रिंग थिअरी म्हणजे मूलकण हे बिंदू नसून अतिसूक्ष्म तंतू आहेत असं मानणारा सिद्धांत, कंडेन्स्ड मॅटर म्हणजे घन आणि द्रव पदार्थांची भौतिकी, आणि गुरुत्वीय लहरी म्हणजे अवकाश-काळात पसरणारी कंपनं. तिन्हींत कागद, पेन आणि संगणक एवढीच सामग्री लागते. तिन्हींत गणित अंगात मुरवून घ्यावं लागतं आणि पीएचडीनंतरची पाच-सहा वर्षं अस्थिर जातात. तरीही या तीन विषयांत घालवलेली आयुष्यं एकमेकांसारखी नसतात.

‘कोणता विषय जास्त मूलभूत’ यावर विद्यार्थी रात्र-रात्र वाद घालतात आणि निर्णय होता तिथेच राहतो. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: आपली कल्पना चुकली तर ते आपल्याला कोण सांगणार, आणि किती वर्षांनी? रोजचं काम कसं असेल, पेपर कसे निघतील, नोकरी कशी मिळेल, हे बरंचसं याच्या उत्तरावर ठरतं.

चूक कोण पकडणार

कंडेन्स्ड मॅटरमध्ये तुमची चूक पकडणारी प्रयोगशाळा बऱ्याचदा त्याच इमारतीत असते. २००६ साली बर्नेविग, ह्यूज आणि झांग या तिघांनी गणित मांडलं की मर्क्युरी टेल्युराइडचा पातळ थर ठरावीक जाडीच्या पुढे गेला, तर तो आतून विद्युतरोधक पण कडेने वाहक होईल. पुढच्याच वर्षी जर्मनीत वुर्झबुर्गला मोलेनकाम्प यांच्या गटाने ते मोजून दाखवलं. दुसरं उदाहरण ग्राफीनचं. दोन थर एकमेकांवर साधारण १.१ अंशाने फिरवून ठेवले तर त्यांतल्या इलेक्ट्रॉनचा वेग जवळपास शून्यावर येतो, हे बिस्ट्रित्झर आणि मॅकडोनाल्ड यांनी २०११ साली काढलं. २०१८ साली एमआयटीतल्या हारिलो-हेरेरो यांच्या गटाला त्याच कोनाच्या आसपास अतिवाहकता, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहणं, सापडली. मूळ गणितात अतिवाहकतेचा पत्ता नव्हता. निसर्गाने उत्तर दिलं आणि वर एक नवा प्रश्नही हातात ठेवला. सिद्धांत मांडणाऱ्याच्या हयातीत, किंबहुना त्याची नोकरी टिकवण्याच्या काळात असं उत्तर मिळणं ही या विषयाची सर्वांत मोठी देणगी आहे.

गुरुत्वीय लहरींत निकाल अचानक लागतो. आइनस्टाइनने १९१६ साली या लहरींचं भाकीत केलं आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या शोधक-यंत्राने पहिली लहर पकडली. जवळजवळ शंभर वर्षांची ही प्रतीक्षा ऐकून बिचकू नका, कारण त्यानंतरचा वेग वेगळाच आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली आणि अवघ्या १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोतही आला. इतक्या प्रवासानंतर दोघं जवळपास एकदमच पोहोचले, म्हणजे गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशाइतकाच. विश्वाचं प्रसरण वेगाने का होतंय हे समजावण्यासाठी गुरुत्वाकर्षणाचे नियम बदलून पाहणारे अनेक सिद्धांत हा वेग वेगळा धरत होते. वर्षानुवर्षं त्यांवर काम केलेल्यांना त्या एका नोंदीने सांगितलं की हा रस्ता बंद. हे क्लेशदायक असेल, पण मला ते आरोग्याचं लक्षण वाटतं.

आता स्ट्रिंग थिअरी. तिची नैसर्गिक लांबी प्लँक लांबीच्या आसपास मानली जाते, म्हणजे मीटरमध्ये दहाचा उणे ३५वा घात. तिथपर्यंत थेट पोहोचायला जी ऊर्जा लागेल ती सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राच्या ऊर्जेपेक्षा दहाच्या १५व्या घाताइतक्या पटीने जास्त आहे. असं यंत्र तुमच्या कारकिर्दीत होणार नाही. कोलायडरमध्ये २०१२ साली हिग्ज बोसॉन सापडला, पण अनेकांना ज्यांची आशा होती ते सुपरसिमेट्रीचे कण (प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार असतो या कल्पनेतले) आजवर दिसलेले नाहीत. त्यानेही स्ट्रिंग थिअरी खोटी ठरत नाही, कारण ते कण किती ऊर्जेला दिसावेत हे ती नक्की सांगत नाही. नेमकी हीच तिची अडचण आहे.

मग चूक पकडतं कोण? गणित, आणि तेही बारकाईने पकडतं. १९८४च्या उन्हाळ्यात मायकेल ग्रीन आणि जॉन श्वार्त्झ यांनी दाखवलं की सिद्धांत पोखरू शकणाऱ्या विसंगती दहा मितींत एकमेकींना पूर्णपणे खोडून काढतात, पण फक्त मोजक्याच सममिती निवडल्या तर. इतर कुठलीही सममिती घेतली की सगळं कोसळतं. १९९६ साली स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी एका प्रकारच्या कृष्णविवराच्या सूक्ष्म अवस्था मोजल्या, तर बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांच्या सूत्रातली एन्ट्रॉपी, म्हणजे अशा अवस्थांच्या संख्येचं माप, एक-चतुर्थांश या गुणकासकट बरोबर आली. त्या सूत्राला वीसेक वर्षं होऊन गेली होती, आणि अवस्था मोजून तोच आकडा काढणं तोवर कोणाला जमलं नव्हतं.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण १९९१चं आहे. एका विशिष्ट कॅलाबी-याऊ अवकाशात (स्ट्रिंग थिअरीतल्या जादा मिती अशा आकारात गुंडाळलेल्या मानतात) तिसऱ्या घाताचे वक्र किती बसतात हे कँडेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रिंग थिअरीतून आलेल्या मिरर सिमेट्रीच्या (दोन वेगळ्या अवकाशांतून एकच भौतिकी मिळते या नात्याच्या) आधारे काढलं: ३१,७२,०६,३७५. एलिंग्सरुड आणि स्ट्रोमे या गणितज्ञांनी संगणकावर स्वतंत्रपणे मोजलं होतं आणि त्यांचा आकडा वेगळा होता. पुढे त्यांना आपल्याच प्रोग्रॅममध्ये चूक सापडली. ती सुधारल्यावर भौतिकशास्त्रज्ञांचाच आकडा आला.

हे वाचून अंगावर काटा येत असेल तर तुम्ही या विषयाचे आहात. पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. स्ट्रॉमिंजर-वाफांचं कृष्णविवर पाच मितींतलं आणि सुपरसिमेट्री पाळणारं होतं. आकाशात जी कृष्णविवरं आहेत ती तशी नाहीत. गणित तुम्हाला सांगेल की सिद्धांत आतून सुसंगत आहे. हेच आपलं विश्व आहे का, हे ते सांगणार नाही. कदाचित तीस वर्षांनी निवृत्त होतानाही ते कळलेलं नसेल. आपण त्याशिवाय काम करत राहू शकतो का, हे ज्याचं त्यानेच तपासायचं. काहींना ते अजिबात जाचत नाही आणि काहींना पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नोकरीच्या, दुसऱ्या वर्षी असह्य होतं. दोन्ही प्रकारची माणसं हुशार असतात.

रोजचं काम

स्ट्रिंग थिअरीत पहिली दोन वर्षं बहुतेक शिकण्यातच जातात. क्वांटम फील्ड थिअरी, सामान्य सापेक्षतावाद, मग कन्फॉर्मल फील्ड थिअरी, सुपरसिमेट्री, थोडी भूमिती आणि टोपॉलॉजी. एवढं झाल्यावर प्रत्यक्ष प्रश्न हाती येतो. कंडेन्स्ड मॅटरमध्ये चांगला गाईड पहिल्या वर्षातच छोटा प्रश्न देतो, आणि तो सोडवता सोडवता विषय कळत जातो. गुरुत्वीय लहरींतही तसंच होतं, फक्त तिथे सुरुवातीला संख्यात्मक गणित आणि पायथॉन लागतं.

आज स्ट्रिंग थिअरीच्या गटात जाऊन बसलात तर थरथरणाऱ्या तंतूंबद्दल फारसं बोलणं ऐकू येणार नाही. मालदासेना यांनी १९९७च्या शेवटी मांडलेल्या होलोग्राफीनंतर (एखाद्या अवकाशातलं गुरुत्वाकर्षण त्याच्या सीमेवरच्या, गुरुत्वाकर्षण नसलेल्या सिद्धांतातून मांडता येतं ही कल्पना) हा विषय पसरला. कोणी कृष्णविवरात माहिती नष्ट होते का यावर काम करतं, कोणी बूटस्ट्रॅपने, म्हणजे फक्त सुसंगतीच्या अटी वापरून, फील्ड थिअरींवर बंधनं शोधतं, कोणी कणांच्या टकरींची सूत्रं सोपी करतं, कोणी क्वांटम माहितीशास्त्राची साधनं गुरुत्वाकर्षणाला लावून बघतं. मूळ स्ट्रिंग फील्ड थिअरीवर चिकाटीने काम करणारेही आहेत, त्यांत अशोक सेन अग्रभागी. त्यांनीच १९९४ साली द्वैत-सममितीचा (वेगळी दिसणारी दोन वर्णनं मुळात एकच असण्याचा) जो ठोस पुरावा दिला, त्याने पुढच्या वर्षी विटन यांनी मांडलेल्या, वेगवेगळ्या स्ट्रिंग थिअरींना एकत्र बांधणाऱ्या एम-थिअरीची वाट सोपी केली. तेव्हा ‘मला स्ट्रिंग थिअरी करायची आहे’ या वाक्यातून कोणत्याही प्राध्यापकाला फारसं काही कळत नाही. यांतलं नेमकं काय करायचं आहे, हे आधी स्वतःला कळलेलं बरं.

पेपरांची पद्धतही वेगळी आहे. स्ट्रिंग थिअरीत एक ते चार लेखक असतात आणि नावं आडनावांच्या वर्णक्रमाने लावली जातात, त्यामुळे कोणी किती काम केलं हे पेपरवरून कळत नाही. कंडेन्स्ड मॅटरमध्ये पहिलं नाव कोणाचं आणि शेवटचं कोणाचं याला अर्थ असतो, आणि प्रयोगवाल्यांबरोबरच्या पेपरांत दहा-पंधरा नावं सहज असतात. गुरुत्वीय लहरींच्या मोठ्या सहयोगांत ती हजारावर जातात.

हा फरक कोरडा वाटतो, पण त्याचा परिणाम खोल आहे. जिथे पेपर तुमच्या वाट्याचं काम दाखवत नाही तिथे शिफारसपत्र बोलतं. स्ट्रिंग थिअरीत तीन किंवा चार पत्रांवर पोस्टडॉक ठरतो, आणि ती पत्रं लिहिणाऱ्यांना निवड समितीतले लोक व्यक्तिशः ओळखत असतात, कारण हे जग लहान आहे. म्हणून इथे गाईडची निवड विषयाच्या निवडीइतकीच महत्त्वाची ठरते, माझ्या मते त्याहूनही जास्त.

नोकरी

चित्र तिन्हींत साधारण सारखं आहे: चार ते सहा वर्षं पीएचडी, मग दोन-तीन वर्षांचे दोन किंवा तीन पोस्टडॉक, बहुधा वेगवेगळ्या देशांत, आणि कायमची जागा मिळालीच तर पस्तिशीच्या आसपास. जोडीदाराची नोकरी, मुलं, आजारी आईवडील हे सगळं याच वर्षांत येतं. या काळाचा विचार पीएचडीच्या आधीच घरी बोलून ठेवलेला बरा.

फरक जागांच्या संख्येत आहे. भौतिकीच्या बहुतेक विभागांत कंडेन्स्ड मॅटर हा सर्वांत मोठा गट असतो. प्रयोग करणाऱ्यांना आपल्या मोजमापांचा अर्थ लावणारं कोणीतरी शेजारी हवं असतं, म्हणून सिद्धांतवाल्यांची गरज कायम राहते. स्ट्रिंग थिअरीचा माणूस नसला तरी विभागाचं चालतं. जागा थोड्या, त्यात कोणत्या वर्षी कोणत्या उपविषयाची चलती आहे यावर निवड हलते. गुरुत्वीय लहरींत २०१५नंतर जागा वाढल्या. नवे शोधक-यंत्रांचे प्रकल्प आणि अवकाशातला लिसा प्रकल्प यांमुळे काम पुढेही आहे, पण ते मोठ्या सरकारी निधीवर अवलंबून आहे आणि निधीचं वारं फिरतं.

स्ट्रिंग थिअरीवाले धीर देताना जॉन श्वार्त्झ यांची गोष्ट हमखास सांगतात. १९७२ साली त्यांना प्रिन्स्टनमध्ये कायम केलं गेलं नाही. ते कॅलटेकला संशोधन-सहायकाच्या पदावर गेले आणि बारा वर्षं अशा विषयावर काम करत राहिले ज्याकडे बहुतेकांनी पाठ फिरवली होती. १९७४ साली जोएल शेर्क यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की या सिद्धांतात गुरुत्वाकर्षण आपोआप येतं, तरीही लोक वळले नाहीत. १९८४ झालं आणि मग सगळे आले. कॅलटेकची प्राध्यापकी त्यांना १९८५ साली मिळाली. गोष्ट खरी आहे आणि थोर आहे. पण ती सांगताना एक भाग नेहमी गळतो: कॅलटेकमध्ये त्यांच्यामागे मरे गेल-मान उभे होते. नोबेल मिळालेला, दबदबा असलेला माणूस पाठीशी नसता तर ती बारा वर्षं झालीच नसती. चिकाटीबरोबर आश्रयही लागतो. या गोष्टीवरून स्वतःचा निर्णय घेणाऱ्याने आपला आश्रय कोणता हेही बघायला हवं.

संशोधन सोडावं लागलं तर? हा प्रश्न लाजेने टाळला जातो, खरं तर तो पहिल्याच दिवशी विचारायचा आहे, कारण पीएचडी करणाऱ्यांपैकी बहुतेकजण प्राध्यापक होत नाहीत. कंडेन्स्ड मॅटरमधून बाहेर पडणाऱ्याला सेमीकंडक्टर, नव्या पदार्थांची रचना, क्वांटम संगणक अशी विषयाला लागूनच असलेली कामं मिळतात. गुरुत्वीय लहरींतला माणूस गोंगाटातून संकेत वेगळा काढण्यात तयार झालेला असतो. ते कौशल्य डेटाच्या कोणत्याही कामात चालतं. स्ट्रिंग थिअरीतून लोक वित्तक्षेत्रात आणि मशीन लर्निंगमध्ये जातात आणि उत्तम करतात, पण तिथे त्यांचा विषय नाही तर त्यांची बुद्धी विकत घेतली जाते, आणि संगणकाचं काम वेगळं शिकावं लागतं. म्हणून स्ट्रिंग थिअरी निवडलीत तर निदान एक प्रकल्प असा करा ज्यात खरा, मोठा प्रोग्रॅम लिहावा लागेल.

सरहद्दीवरचं काम

इथवर तीन विषय वेगळे मानून बोललो. गेल्या वीस वर्षांत त्यांच्या सरहद्दींवर जे घडलंय ते मला तिन्हींहून जास्त आकर्षक वाटतं, आणि निवड करणाऱ्याने तिकडे आवर्जून बघावं.

१९८६ साली कावाई, लेवेलन आणि टाय यांनी स्ट्रिंग थिअरीत एक सूत्र काढलं: बंद तंतूंची टक्कर ही खुल्या तंतूंच्या टकरींच्या गुणाकारातून मिळते. म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं अवघड गणित सोप्या बलांच्या गणितातून उभं करता येतं. दोन दशकांनी बर्न, कारास्को आणि योहान्सन यांनी त्याला नवं, व्यापक रूप दिलं. २०१९ साली याच वाटेने बर्न आणि सहकाऱ्यांनी एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन वस्तूंच्या गुरुत्वीय गणितात तोवर न जमलेली पुढची पायरी काढली. लायगोच्या नोंदी वाचायला लागणारं हेच गणित आहे. १९८६ साली ते सूत्र लिहिणाऱ्यांना याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

कंडेन्स्ड मॅटरच्या बाजूलाही असंच. सचदेव आणि ये यांनी १९९३ साली विचित्र चुंबकांसाठी एक प्रतिकृती बनवली होती. २०१५ साली किताएव यांनी तिचं सोपं रूप घेऊन दाखवलं की ती कृष्णविवरासारखी वागते. उलट दिशेने, २००५ साली कोव्हतुन, सोन आणि स्टारिनेट्स यांनी कृष्णविवराच्या गणितातून द्रवाच्या स्निग्धतेचं एन्ट्रॉपीशी असलेलं किमान प्रमाण सुचवलं. अणुगाभ्यांच्या टकरींत तयार होणारा क्वार्क-ग्लुऑन द्रव त्या मर्यादेच्या बराच जवळ जातो. २०१९ साली कृष्णविवरातून माहिती कशी परत येते याचा ‘पेज वक्र’ काढण्यात दोन स्वतंत्र गटांना यश आलं, त्यात क्वांटम माहितीशास्त्र आणि होलोग्राफी यांची सांगड होती.

म्हणून शुद्ध स्ट्रिंग थिअरीचा गट आणि दोन विषयांच्या सरहद्दीवर उभा असलेला गट असे दोन पर्याय समोर असतील, तर माझं मत दुसऱ्याला. तिथे गणिताची शिस्तही मिळते आणि कुठल्या तरी बाजूने निसर्गाचा स्पर्शही.

एक गट राहिला. ज्यांना फक्त क्वांटम गुरुत्वाकर्षणच करायचं आहे त्यांच्यासाठी लूप क्वांटम ग्रॅव्हिटीही आहे. अभय अष्टेकर यांनी १९८६ साली आइनस्टाइनची समीकरणं नव्या चलांत लिहिली, त्यातून ती उभी राहिली. तिथे जादा मिती किंवा सुपरसिमेट्री गृहीत धरावी लागत नाही, हे तिचं बळ. पण गट थोडे आहेत आणि जागा स्ट्रिंग थिअरीहूनही कमी.

ठरवण्याआधी

वाचून ठरवू नका, तिन्ही विषयांत एकेक हिशेब स्वतः करून बघा. स्ट्रिंग थिअरीसाठी: साध्या बोसॉनिक स्ट्रिंगला २६च मिती का लागतात हे लाइट-कोन पद्धतीने काढा, एकही पायरी न गाळता. कंडेन्स्ड मॅटरसाठी: सू, श्रिफर आणि हीगर यांची १९७९ची अणूंच्या साखळीची सोपी प्रतिकृती घ्या, तिच्या टोकांना शून्य ऊर्जेच्या अवस्था कधी येतात ते आधी हाताने आणि मग संगणकावर दाखवा. गुरुत्वीय लहरींसाठी: लायगोने पहिल्या नोंदीचा डेटा सर्वांसाठी खुला ठेवला आहे. तो उतरवून घ्या आणि गोंगाटातून ती एक-पंचमांश सेकंदाची लहर स्वतः शोधा.

प्रत्येकाला दोन-तीन आठवडे द्या. हिशेब सुटला की नाही यापेक्षा अडल्यावर तुम्ही काय केलंत ते बघा. कोणत्या विषयात अडकलेले असतानाही पुन्हा वहीकडे गेलात? कोणत्या विषयात उत्तर बरोबर आलं तरी ‘पण हे खरंच असं असतं का’ ही रुखरुख राहिली? ही रुखरुख स्ट्रिंग थिअरीच्या हिशेबानंतर जोरात आली, तर ती पुढे वाढेल, कमी होणार नाही.

मग गट बघा. गाईडला दोन गोष्टी विचारा: तुमचे गेल्या दहा वर्षांतले विद्यार्थी आता कुठे आहेत, आणि त्यांच्यापैकी संशोधन सोडून गेलेल्यांशी मला बोलता येईल का? ज्याला आपल्या विद्यार्थ्यांची काळजी असते तो नावं सहज सांगतो, सोडून गेलेल्यांचीही. त्यांना स्वतंत्रपणे लिहा आणि पहिल्या दोन वर्षांत गाईडने किती वेळ दिला, पहिला प्रश्न कोणी सुचवला, पोस्टडॉकच्या वेळी पत्रं वेळेवर गेली का, एवढंच विचारा. नावं सांगायला गाईड टाळाटाळ करू लागला तर तो कितीही मोठा असो, यादीतला पुढचा गट बघा.